जिन्यात हरवलेली हाक

२ मार्च

चि. घाईबाईस,

अनेक आशीर्वाद, आणि डोळे पुसायला सोबत अस्तराची एक चिंधी. मऊ आहे, नाकालाही चालेल.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन रडक्या. "आत्या, नापास झाले. बाबा म्हणतात परत ये. काय करू?" अगं, नापास कशात झालीस, कशी झालीस, कुणासमोर झालीस, काही लिहिशील की नाही? मला मजा नको का यायला?

मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेले, त्यात तिसरी दोनदा. दुसऱ्या खेपेची तिसरी मला फार आवडली होती. सगळं आधीच माहीत, आणि बाकीच्या पोरी माझ्याकडे बघून लिहायच्या. तेव्हा एकदा नापास होणाऱ्यांनी माझ्यासमोर ऐट दाखवायची नाही.

तुझ्या बापाचं माझ्याकडे टुमणं लागलंय. तो आला होता, माझा चहा प्याला आणि म्हणाला, "ताई, तिला जमत नाहीये. इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून इंजेक्शनं दे, पट्ट्या बांध, घरी जेवायला ये. हृदयाच्या वॉर्डात काय सोनं लागलंय?" मी म्हटलं, दुसरी परीक्षा होईपर्यंत तोंड मिटून बस. धाकटा भाऊ आहे, ऐकतो. पण त्याचं ऐकणं फार दिवस टिकत नाही हे तुला माहीत आहे.

तेव्हा आता असं कर. ते कार्डिओग्राम वाचणं मला शिकव, पत्रातून. मी तुझ्या काकांना शिलाई मशीन शिकवायला बसले होते, आठवतं? ते काही शिकले नाहीत, पण समजावून सांगता सांगता माझा हात बसला. तू मला समजाव. मला समजलं तर कुणालाही समजेल.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि ठेवून देतेस.

बाकी इकडे ठीक. परवा मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागला की काय कोण जाणे, जागी झाले तर कपाळ मशीनच्या चाकाला टेकलेलं. समोरची शेजारीण दारातून विचारते, "काय गं, चाकाला नमस्कार करतेस?" म्हटलं, एवढी वर्षं जेवायला घालतंय, करायला नको?

तुझी,
आत्या


९ मार्च

आत्याबाईंच्या पायांना, आणि त्यांच्या मशीनच्या चाकालाही नमस्कार,

तुझी चिंधी नाकालाच लागली. हसून हसून.

मजा हवी ना? घे. आमची परीक्षा कागदावर नसते. शिकवणाऱ्या बाई आम्हाला वॉर्डात टीव्हीसारख्या पडद्यांसमोर उभं करतात. प्रत्येक पडद्यावर एकेका रुग्णाच्या हृदयाची रेघ धावत असते. माझ्या पडद्यावर एकदम उंच उंच लाटा उसळल्या. वेड्यावाकड्या, एकापाठोपाठ एक. अशा लाटा आल्या की माणूस हातचा जातो, आत्या! मी काही बघितलं नाही, धोक्याची घंटा दाबली. डॉक्टर धावले, आया धावली, विजेचा झटका द्यायची गाडी धावली. मी सगळ्यांच्या पुढे. खाटेभोवतीचा कापडी पडदा बाजूला केला तर आत एक आजोबा बसलेले, तोंडाला फेस. मी किंचाळले, "फेस आलाय!"

ते दात घासत होते.

हात हलला की तारा हलतात आणि तारा हलल्या की रेघ नाचते, एवढंच होतं. आजोबा ब्रश हातात धरून विचारतात, "इथे दात घासायला बंदी आहे का?"

बाईंनी मला एकच वाक्य सांगितलं: "ओळीने वाचलं असतंस तर दिसलं असतं." त्या सगळ्यांना हेच सांगतात, म्हणून आम्ही त्यांना ओळीबाई म्हणतो. आता एप्रिलमध्ये शेवटची संधी. त्यात पास झाले तर हृदयाच्या वॉर्डात राहायचं, नाहीतर बाबा म्हणतात ते इंजेक्शनांचं टेबल.

आता धडा. हृदय म्हणजे दोन मजली घर समज. वरच्या मजल्यावरून हाक निघते, "चला रे!" कागदावर ती एक छोटी टेकडी दिसते. हाक जिन्याने खाली येते. मग खालचा मजला जोर लावून रक्त ढकलतो. तो उंच सुळका. मग तो दम खातो. ती मागची गोल टेकडी. टेकडी, सुळका, टेकडी. झाला एक ठोका.

हातापायांना चार तारा आणि छातीवर सहा. प्रत्येक ओळ म्हणजे त्याच हृदयाकडे वेगळ्या बाजूने बघणं. हातांच्या तारा बाजूंनी बघतात, छातीच्या समोरून.

आणि ओळीबाईंची ओळ अशी: आधी कागदाच्या तळाची लांब पट्टी घ्यायची, बोट ठेवायचं, ताल बघायचा. प्रत्येक टेकडीमागे सुळका आहे ना? मग वेग. मग दिशा. मग आकार. आणि जे बघताक्षणी डोळ्यात भरलं असेल ते सगळ्यात शेवटी.

मला हेच जमत नाही गं. डोळ्यात भरलं की मी धावते.

तुझी,
घाईबाई (हे नाव तूच ठेवलंस, आता वॉर्डातही पसरलंय.)


१७ मार्च

चि. घाईबाईस,

फेस! अगं, तुझं पत्र मी समोरचीला वाचून दाखवलं. ती जमिनीवर बसली. मग मी बसले. त्या आजोबांना माझा नमस्कार सांग आणि विचार, दात सगळे आहेत का.

धडा कळला. दोन मजली घर, जिना, हाक. आमच्याकडे उलटं होतं, मी खालून हाक मारायचे आणि तुझे काका वर ऐकू न आल्यासारखं करायचे. मी आता जुन्या चादरीवर काळ्या दोऱ्याने टेकडी-सुळका-टेकडी भरायला घेतलंय. सुळके फार सुरेख येतात. मागच्या टेकड्या जरा पोटफुग्या झाल्यात.

आणि आता बातमी! माझाही कार्डिओग्राम निघाला! झालं असं, की सुईत दोरा ओवायला हल्ली समोरचीची पोर बोलवावी लागते. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करू, त्याआधी हृदयाचा कागद काढून आणा. म्हटलं, डोळा वर, हृदय खाली, तुम्हाला काय करायचंय? पण मनातून इतकी खूश झाले! भाचीचा विषय, आता माझ्याच अंगावर.

दवाखान्यात त्या तारा लावणारा माणूस. नवीनच लागलाय आणि कमालीचा लाजाळू. खाट भिंतीला लागून, उशी एका टोकाला आणि पंखा दुसऱ्या टोकावर. मी म्हटलं, मला वारा लागतो, आणि सरळ उशी उचलून पंख्याखाली टाकली, उलटी झोपले. तो "आजी, आजी, तसं नाही" म्हणेपर्यंत माझं बस्तान बसलेलं. मग मी त्याला लग्नाचं विचारलं. बिचारा कानापर्यंत लाल. खाली मान घालून भराभर तारा लावत गेला. तू असतीस तर माझ्या नाही, त्याच्या हृदयाची घंटा दाबली असतीस.

तिथले डॉक्टर महिनाअखेरपर्यंत गावाला गेलेत. ते आले की कागदावर बघून सही करणार. तोवर म्हटलं, माझ्या घरात डॉक्टर आहे की. एक प्रत तुला पाठवतेय. वाच आणि कळव. पण ओळीने हं!

घरी येताना बसमधून उतरले तर जमीन माझ्या अंदाजापेक्षा जरा लवकरच आली. गुडघा खरचटला. कंडक्टर म्हणतो, "आजी, घाई काय?" म्हटलं, आमच्या घराण्यातच आहे.

तुझी,
आत्या


२१ मार्च

आत्या! आत्या! आत्या!

बसली आहेस ना? नसलीस तर बस.

तुझा कागद उघडला आणि मी जिन्यावरच थांबले. पहिली ओळ पूर्ण उलटी! टेकडी खाली, सुळका खाली, सगळं खाली डोकं वर पाय! मी पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि तिथे अगदी हेच चित्र. आत्या, तुझं हृदय उजवीकडे आहे! जन्मापासून! हजारो माणसांत एखाद्याचं असतं. काही त्रास नसतो, माणूस ठणठणीत जगतो, फक्त सगळं आरशातल्यासारखं.

आमच्या वॉर्डातल्या कुणीच असा कागद हातात धरलेला नाही. आणि माझ्याकडे माझ्या सख्ख्या आत्याचा! पुढचा वर्ग तीस तारखेला, सोमवारी, तेव्हा मी तो ओळीबाईंसमोर ठेवणार आहे. बघू आता घाईबाई कोण म्हणतं. असा कागद ओळखणाऱ्या मुलीला त्या नापास करतील? शक्यच नाही!

तू एक कर. छातीवर उजव्या बाजूला हात ठेवून बघ, तिथे धडधडतंय का. लगेच कळव.

उड्या मारत,
तुझी भाची

आज तुला चरणस्पर्श करायचा राहिला. मी आनंदाने जमिनीवरच नाहीये.


२६ मार्च

चि. घाईबाईस,

उजव्या बाजूकडून अनेक आशीर्वाद!

तुझे काका जन्मभर म्हणत गेले, "हिचं काही जागेवर नाही." आज असते तर म्हटलं असतं, घ्या, कागदावर आलंय, आता सही करा! एवढं एक खरं बोलले आणि ऐकायला राहिले नाहीत.

गल्लीत सगळ्यांना सांगितलं. समोरचीने माझ्या उजव्या बाजूला कान लावला. म्हणाली, "येतंय गं, लांबून येतंय." खालच्या किराणावाल्याने साखर तोलता तोलता हात जोडले. त्या लाजाळू तारवाल्याला सांगायला मुद्दाम दवाखान्यात गेले, तर तो घाबरून यंत्रच पुसायला लागला. आता माझ्याकडे पोलकं शिवायला येणाऱ्या बाया आधी माझंच माप घेतात, डोळ्यांनी.

हात ठेवून बघितला. खरं सांगू? मला तर डावीकडेच धडधडतंय. पण म्हटलं, इतक्या वर्षांची सवय, एकदम कशी सुटेल? त्यालाही आजच कळलं असेल.

तुझं पत्र आलं तेव्हा ही बातमी समोरचीला सांगायला ताडकन उठले, तर एकदम अंधारीच आली. खाली बसले म्हणे मी, मला आठवत नाही. तिने तोंडावर पाणी मारलं. माझा नवा कोरा परकर भिजवला. म्हणाली, "आनंद सोसत नाही तुला." खरंच आहे. सवय कुठे आहे आनंदाची, तुझ्या बापाची बहीण म्हणून जन्मले मी.

सोमवारी काय झालं ते सगळं लिही. ओळीबाईंचं तोंड कसं झालं तेही. चादरीवर आता मी एक ओळ उलटी भरतेय, खास माझी.

तुझी,
उजवी आत्या


३१ मार्च

आत्या,

हे पत्र बाबांच्या हातून पाठवतेय. ते समोर बसतील, आणि तू हे शेवटपर्यंत वाचून उठेपर्यंत हलणार नाहीत. फोन केला असता तर तू थट्टेवारी नेलं असतंस.

बाबा आज मला न्यायला आले होते. त्यांचा धीर सुटला. माझी बॅग त्यांनी उचललीसुद्धा होती. आता मी त्यांना तुला आणायला पाठवतेय.

काय झालं ते ओळीने सांगते. काल सोमवारी मी तुझा कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हृदय उजवीकडे!" सगळ्या पुढे सरकल्या. ओळीबाईंनी चष्मा लावला आणि विचारलं, "छातीच्या ओळी बघितल्यास?" नव्हत्या बघितल्या. हृदय खरंच उजवीकडे असतं तर छातीवर पुढे पुढे सुळके लहान होत जातात. तुझे छान वाढत गेलेत, कुणाही डाव्या हृदयाच्या माणसासारखे. म्हणजे हृदय जागेवर, फक्त हातांच्या तारांची अदलाबदल. बाईंनी विचारलं, "असं कसं झालं असेल?" आणि मला तुझी उशी आठवली! तू उलटी झोपलीस. तो बिचारा रोजच्या सवयीने दाराकडच्या हाताला लाल (ती उजव्या हाताची) आणि भिंतीकडच्या हाताला पिवळी (ती डाव्याची) लावत गेला. तुझा उजवा हात त्या दिवशी भिंतीकडे होता. छातीच्या तारा त्याने छातीकडे बघून लावल्या, म्हणून त्या बरोबर.

सगळा वर्ग हसला. मीही हसले. मला वाटलं, संपलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आता ओळीने वाच."

मी तळाच्या पट्टीवर बोट ठेवलं. टेकडी, सुळका. टेकडी, सुळका. टेकडी, सुळका. टेकडी...

आणि पुढे काहीच नाही, आत्या. सपाट. मग पुन्हा टेकडी, सुळका, जसं काही झालंच नाही. आणि थोडं पुढे गेलं की पुन्हा एक टेकडी एकटीच.

वरून हाक निघते आणि मधेच जिन्यात हरवते. खालचा मजला ऐकतच नाही. एक ठोका गेला तर कळत नाही. ओळीने काही गेले तर माणूस पडतो. तारा उलट्या लावल्या तरी हे बदलत नाही. हे पहिल्या दिवसापासून त्याच कागदावर होतं, खालच्या पट्टीत. मी वरची ओळ बघून उड्या मारत होते.

बाई म्हणाल्या, "यांना चक्कर येते का?" मी म्हणाले, नाही, त्यांनी तसं काहीच लिहिलं नाही. खोलीवर जाऊन तुझी पत्रं काढली.

चाकाला कपाळ. बसमधून लवकर आलेली जमीन. भिजलेला परकर.

आत्या, तू तीनदा पडलीस आणि मी तिन्ही वेळा हसले.

हे बरं होतं. पेसमेकर बसवतात, खांद्याखाली एक छोटं यंत्र, ते जिन्यात उभं राहून हाक खाली पोचवतं. पण आजच निघ. गाडी थांबलीये. मशीन झाकायला समोरचीला सांग, तू चढउतार करू नकोस. बसून राहा.

आणि यापुढे तुझ्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ थट्टेशिवाय. चक्कर आली की नाही, एवढंच. मग पुढे काय हवा तो धिंगाणा घाल.

तुझी


३ एप्रिल
महिलांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट

चक्कर: आज एकदा. सकाळी, खाटेवर उठून बसताना. पडले नाही, आयाने धरलं.

झाली तुझी ओळ? आता आशीर्वाद.

ही चिठ्ठी आयाच्या हाती देतेय, कारण तुला इथे परीक्षा होईपर्यंत यायला मीच बंदी घातलीये. दारातून डोकावतेस ते मला दिसतं. मोतीबिंदू आहे, आंधळी नाही झाले.

मला इथे सरळ झोपवलंय. डोकं उशीवर, पाय जिथे पाय असतात तिथे. पंखा बरोबर डोक्यावर आहे, तक्रारीला जागाच नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, तुमचं हृदय कुठल्या बाजूला? ती म्हणते, "सुनेच्या बाजूला कधीच नव्हतं." आमचं चांगलं जमलंय.

तुझा बाप गाडीत सगळ्या वाटेभर माझं मनगट धरून बसला होता, नाडी बघत. त्याला नाडी कळते कुठे! लहानपणी माझा हात धरायचा तो ढकलून द्यायला. आता मधेच म्हणतो, "ताई, आहेस ना?" म्हटलं, अजून तरी आहे, तू एवढा घट्ट धरला नाहीस तर राहीनही.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. मला कळत होतं काहीतरी बिनसलंय. चाकाला कपाळ टेकून कुणी झोपतं का? पण मी आजारी आहे म्हटल्यावर तुझा बाप काय म्हणाला असता? "बघ, आत्याला माणूस हवंय, ये घरी." आणि तू आली असतीस. लगेच. घंटा दाबत. मग ते कागद, त्या टेकड्या, सगळं संपलं असतं. म्हणून मी पडायचे आणि लिहायचे असं, की तुला हसू यावं. मला वाटलं, ही कागद वाचायला शिकतेय, पत्र थोडीच वाचणार आहे.

उद्या मला यंत्र बसवणार आणि उद्याच तुझी परीक्षा. तू माझ्या दाराशी उभी राहिलीस तर मीसुद्धा उठून तुझ्या परीक्षेत येऊन उभी राहीन, तारांसकट.

जा. बोट ठेव. ओळीने वाच.

आत्या


४ एप्रिल

आत्या,

चक्कर: मला, दोनदा. एकदा परीक्षेआधी, एकदा बाबा सांगायला आले तेव्हा की तुझं यंत्र नीट बसलं. (तुला घातलेला नियम आता मलाही.)

ही चिठ्ठी ओळीने वाचायची. शेवटची ओळ आधी बघायची नाही. मला माहीत आहे तू बघणार, म्हणून ती खाली दुमडून टाचणी लावलीये.

आज पुन्हा पडद्यांसमोर उभं केलं. आधी साधं साधं आलं. ताल, वेग, दिशा, आकार. माझं बोट हलत होतं, तोंड हलत होतं. शेवटच्या पडद्यावर मात्र आत्या, त्याच लाटा! उंच, वेड्यावाकड्या, एकापाठोपाठ एक. शेजारी उभी असलेली मुलगी "अगं बाई" म्हणाली आणि घंटेकडे वळली. माझे पाय धावायला निघालेच होते. खरं सांगते, टाच उचलली होती.

मग मला तुझी तळाची पट्टी दिसली. ती एकटी टेकडी. मी टाच खाली ठेवली आणि बोट वर.

आधी ताल. त्या सगळ्या गोंधळाच्या आतून, जरा जरा वर डोकं काढून, सुळके चालले होते. शांतपणे, सारख्या अंतरावर, आपल्या कामाला. लाटा वरवरच्या होत्या. हृदयाला त्यांचा पत्ताच नव्हता.

मी म्हणाले, "ताल ठीक. वेग ठीक. रुग्णाला जाऊन बघून येते, पण मला वाटतं ते दात घासतायत."

ओळीबाई हसल्या. त्या हसू शकतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. म्हणाल्या, "केस विंचरतायत." जाऊन बघितलं, तर तसंच.

आता टाचणी काढ.

पास! हृदयाचा वॉर्ड! कायमचा!


२० एप्रिल

चक्कर: नाही. घरी आल्यापासून एकदाही नाही. समोरचीला विचार हवं तर, ती पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यामागे फिरतेय आणि निराश होतेय.

चि. घाईबाईस, अनेक आशीर्वाद, यंत्राच्या ठोक्यावर.

सोबत माझा नवा कागद. इथल्या दवाखान्यात काढला. तारवाल्याने मला आधी सरळ झोपवलं, मग माझा उजवा हात वर करायला लावला, मग स्वतःचा उजवा हात वर करून खात्री केली. लग्न ठरलंय त्याचं. मला म्हणाला, "आजी, तुम्हीच विचारलं होतंत ना, म्हणून घरी सांगायचा धीर झाला." बघ, उलटं झोपण्याचे किती फायदे.

आता कागद मी वाचते, तू बस. ताल: प्रत्येक टेकडीमागे सुळका, एकही सुटलेला नाही. आणि प्रत्येक सुळक्याच्या आधी एक सरळ बारीक उभी रेघ, जणू कुणी टाचणी खोचून ठेवलीये, की इथे शीव, इथे चुकू नकोस. ती माझं यंत्र मारतं ना? शिलाईच्या बाईला टाचणीच मिळाली, शोभलं. वेग ठीक. दिशा डावीकडे, हे दुःख आहे, पण ठीक. आकार मला कळत नाही, ते तू बघ. बघितलंस? ओळीने!

तू लिहिलंस की माझा पहिला कागद ओळीबाईंनी नाव झाकून शिकवायच्या कागदांत ठेवला. मुली तारांची अदलाबदल ओळखून खूश होतात आणि मग बाई म्हणतात, "आता ओळीने वाच." अगं, तिसरी दोनदा करणारी मी आज नर्सांना शिकवतेय! गल्लीत सांगितलं. पण गल्लीला एकच बातमी हवी आहे. किराणावाला अजून उजवीकडे बघूनच हात जोडतो. मी काही दुरुस्त करत नाही.

तुझ्या बापाने तुझी बॅग तुला परत नेऊन दिली ना? आत नेहमीच्या लाडवांच्या डब्याऐवजी एक नवं घड्याळ असेल. म्हणाला, "तिला वेग मोजायला लागतं."  रडत होता, म्हणून मी घड्याळाकडेच बघत राहिले.

आता डोळ्यात भरलेलं, सगळ्यात शेवटी. हे तुला अजून कुणी सांगितलं नाही वाटतं. यंत्र बसल्याच्या दुसऱ्या सकाळी तुझी चिठ्ठी आली. मी ओळीने वाचली, देवाशपथ. मग टाचणी काढली. "पास" वाचलं आणि अशी ओरडले आणि असा उजवा हात नाचवला, की नव्या नर्सने पडदा बघून घंटा दाबली. सगळे धावत आले. डॉक्टर, आया, ती गाडीसुद्धा. पुढे ओळीबाई. आणि मी खाटेवर बसलेली, एका हातात तुझी चिठ्ठी, दुसऱ्या हातात ब्रश, तोंडाला फेस.

बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "तुम्ही घाईबाईंच्या आत्या." मी फेसातून म्हटलं, "होय. आणि ती पास झालीये." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. मीच केलं. चूळ भरून घ्या."

महिनाभर मशीन चालवायचं नाही, डावा हात वर न्यायचा नाही. म्हणून आज नुसतं पुसलं. तेल दिलं. चाक फिरवून बघितलं, हलकं फिरतं. मग खाली वाकून चाकाला कपाळ टेकलं.

घाबरू नकोस. पहिली ओळ पुन्हा वाच. या वेळी खरंच नमस्कार केला.

तुझी,
आत्या